घड्याळ कुठून चालू करायचं?

कागद आला तेव्हा मी आगीच्या बंबाखाली होतो. पंपाजवळच्या एका जोडातून पाणी ठिबकत होतं आणि ते नेमकं कुठून येतंय हे आमचा ड्रायव्हर वरून आणि मी खालून शोधत होतो. शिपायानं खाली वाकून कागद पुढं केला. "साहेब, सीओ मॅडमचा हाय. आजच्या आज भरून पायजे." सीओ मॅडम म्हणजे आमच्या पालिकेच्या मुख्याधिकारी.

कागद म्हणजे एक तक्ता. बाब, वार्षिक उद्दिष्ट, साध्य, टक्केवारी, शेरा. पालिकेच्या सगळ्या विभागांना एकच तक्ता काढलेला होता. कर विभागाला तो अंगावर शिवल्यासारखा बसत होता: मागणी इतकी, वसुली इतकी, टक्के इतके. पाणीपुरवठ्याचंही जमण्यासारखं होतं. आमच्या ओळीत 'अग्निशमन' एवढंच टाईप केलेलं, पुढं सगळं कोरं.

ही २०२५ च्या जानेवारीतली गोष्ट. राज्य सरकारनं तेव्हा शंभर दिवसांचा कार्यालयीन सुधारणांचा कार्यक्रम काढला होता. संकेतस्थळ, स्वच्छता, तक्रारींचं निवारण, कार्यालयातल्या सोयी, क्षेत्रीय भेटी असे त्यात सात मुद्दे होते. मोठमोठ्या कार्यालयांचं गुणांकन होणार होतं. आमची पालिका सांगली जिल्ह्यातली, मध्यम आकाराची. नाव घेत नाही. जिल्ह्यातल्या माणसाला वर्णनावरून वाटेल ते वाटो. आम्हाला कुणी गुण द्यायला येणार नव्हतं, पण वारं सुटलं की पाचोळा सगळ्यांच्याच अंगणातला उडतो. मॅडमनी ठरवलं, प्रत्येक विभागानं उद्दिष्टं लिहून द्यायची.

मी केंद्राचा प्रभारी. दोन गाड्या: एक साडेचार हजार लिटरचा मोठा बंब आणि एक मिनी. माणसं तीन पाळ्यांत, निम्म्याहून जास्त कंत्राटी. हद्द म्हणायला शहराची, पण आजूबाजूची गावं, मळे, वस्त्या आम्हालाच फोन करतात. ऊस, द्राक्ष, बेदाण्याची शेडं, गुऱ्हाळं, एक छोटी एमआयडीसी आणि पावसाळ्यात कृष्णा.

त्या संध्याकाळी आस्थापनेतल्या एका भल्या माणसानं मला मदत म्हणून एक वाक्य सुचवलं: 'आगीच्या घटनांमध्ये वीस टक्के घट करणे.' दिसायला छान होतं. मी ते पेन्सिलीनं लिहिलंही. रात्री चहाला सगळे बसल्यावर वाचून दाखवलं, तर आप्पा हसायलाच लागले. आप्पा म्हणजे आमचे सगळ्यांत जुने फायरमन, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. म्हणाले, "साहेब, आग काय आपल्याला इचारून लागती व्हय? आन् घट दाखवायची तर लई सोपं हाय. फोन आला की उचलायचा न्हाई."

हसण्यावारी गेलं, पण त्यात खोच होती. आमच्याकडं कमी वर्द्या, म्हणजे मदतीचे फोन, येणं म्हणजे कमी आगी लागणं, असं धरताच येत नाही. लोकांना नंबर माहीत नसेल, किंवा 'बंब यायच्या आत जळून जातंय, कशाला फोन करा' असं एखाद्या गावानं ठरवून टाकलं असेल, तरी आकडा खालीच येतो. आणि ज्या वर्षी लोकांचा भरवसा वाढेल त्या वर्षी वर्द्या वाढतील. ते पेन्सिलीचं वाक्य मी खोडलं आणि मॅडमकडून आठ दिवस मागून घेतले. त्यांनी चार दिले.

मग मी कपाटातनं वर्दी रजिस्टरं काढली, मागच्या तीन वर्षांची. रात्रपाळीला बसून वाचत गेलो. आगीचं कारण, ठिकाण, मालकाचं नाव, अंदाजे नुकसान हे सगळं व्यवस्थित. वेळेच्या रकान्यात मात्र मौज होती. आमच्या रजिस्टरातला मिनिटकाटा पाचाच्या पाढ्यानं चालायचा. ५, १०, १५, २०. तीन वर्षांत एकदाही बंब सात मिनिटांत पोचला नव्हता की तेरा मिनिटांत. बऱ्याच ठिकाणी तर वेळेच्या जागी 'तात्काळ रवाना' असंच लिहिलेलं. त्यातली काही अक्षरं माझी स्वतःची होती, हे सांगायला पाहिजे.

का असं? कारण ती नोंद वर्दीहून परत आल्यावर व्हायची. अंगाला धुराचा वास, हातपाय चिखलात, आणि कुणीतरी विचारायचं, "किती वाजता पोचलो रे?" दुसरा म्हणायचा, "लिव्ह धा मिंटं."

आणि मोजायचं ते नेमकं काय? आम्ही 'प्रतिसाद वेळ' म्हणायचो. पण घड्याळ कुठून चालू करायचं? फोन वाजला तिथून, फोन ठेवला तिथून, घंटा दिली तिथून, का गाडी गेटबाहेर पडली तिथून? आणि थांबवायचं कुठं? बंब गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला म्हणजे पोचलो का? ज्याचं घर जळतंय त्याच्या दृष्टीनं आम्ही पोचतो ते नळीतनं पहिलं पाणी पडतं तेव्हा. दोन्ही टोकं आपल्या सोयीनं धरली की त्याच वर्दीचे चौदा मिनिटांवरून आठ मिनिटं करता येतात, आणि एकही शब्द खोटा लिहावा लागत नाही.

नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात मी कोर्सला होतो तेव्हा एका सरांनी अमेरिकेतलं एक मानक फळ्यावर लिहून दाखवलं होतं. एनएफपीए १७१०. आगीच्या वर्दीला माणसं तयार होऊन गाडी हलेपर्यंत ८० सेकंद, पहिली गाडी रस्त्यावर २४० सेकंद, आणि हे शंभरातल्या नव्वद वर्द्यांना जमलं पाहिजे. तेव्हा आम्ही पाठीमागच्या बाकावर हसलो होतो. चार मिनिटांत आम्ही ऊस भरलेल्या ट्रॅक्टरला मागं टाकू शकत नाही. पण जुनी वही काढून बघितली तेव्हा त्यातल्या दोन गोष्टी नव्यानं दिसल्या. एक, त्यांनी वेळेचे तुकडे केले होते. दुसरी, त्यांनी सरासरी धरली नव्हती.

आम्हीही तुकडे केले. एक साधी शंभरपानी वही घेतली आणि पाच रकाने आखले: फोन वाजला, घंटा दिली, गेट सोडलं, जागेवर आलो, पहिलं पाणी. पहिल्या तीन वेळा फोनवरचा माणूस लिहिणार. शेवटच्या दोन गाडीतून फोन करून कळवायच्या, त्याही त्यानंच लिहायच्या. पहिल्याच दिवशी कळलं की भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढं आहे. कुणीतरी पाळी बदलताना लवकर सुटावं म्हणून केव्हातरी पुढं केलं असणार. कुणी केलं ते मी शोधत बसलो नाही.

पोरांना वही आवडली नाही. का आवडावी? आमच्याकडं वेळ लिहिली की पाठोपाठ मेमो येतो, एवढंच त्यांना माहीत. एकानं तोंडावरच विचारलं, "साहेब, कंत्राटी मानसाला काढायला हे नवीन काढलंय काय?" मी सांगितलं, या वहीवरनं कुणालाही मेमो निघणार नाही, आणि वहीत माणसाचं नाव लिहायचंच नाही, फक्त पाळी. त्यांना लगेच पटलं असं नाही. पहिले दोन आठवडे रात्रीच्या सगळ्या वर्द्यांना गेट बरोबर एका मिनिटात सुटत होतं. मी काही बोललो नाही. मग एका रात्री मीच पाळीवर थांबलो. शॉर्टसर्किटची वर्दी आली आणि गेट सुटायला साडेतीन मिनिटं लागली. आप्पांनी स्वतःच्या हातानं वहीत ३ मिनिटं ३० सेकंद लिहिलं आणि वही सगळ्यांपुढं ठेवली. त्यानंतर आकडे खरे यायला लागले. खरे म्हणजे वाईट.

आता ती साडेतीन मिनिटं कुठं जातात हे शोधायचं होतं, आणि मला सगळ्यात मजा आली ती यात. गाडीची किल्ली कार्यालयातल्या ड्रॉवरमध्ये होती, कारण मागं कधीतरी डिझेलचं प्रकरण झालं होतं तेव्हापासून तशी शिस्त पडलेली. मोठा बंब शेडमध्ये तोंड आत करून उभा असायचा, म्हणजे आधी रिव्हर्स. थंडीत बॅटरी मान टाकायची. शेडचं शटर अर्ध्यावर अडकायचं, मग एकानं खांदा लावायचा. गमबूट सगळ्यांचे एका ढिगात, अंधारात डावा-उजवा शोधायचा. यातल्या एकाही गोष्टीला फार पैसे लागणार नव्हते. किल्ली गाडीजवळ खिळ्याला टांगली. बंब तोंड बाहेर करून लावायला लागलो. शटरच्या पट्ट्यांना ग्रीस. बॅटरीला रात्री चार्जर. बुटांना भिंतीत खुंट्या, प्रत्येक पाळीची जागा वेगळी. शटर कायमचं दुरुस्त व्हायला मात्र पाच महिने आणि तीन कोटेशनं लागली, ते जाऊ द्या. महिन्याभरात रात्रीचं गेट दीड-पावणेदोन मिनिटांत सुटायला लागलं. ही सगळी वर्षं आम्ही 'गाड्या जुन्या आहेत, माणसं कमी आहेत' असं लिहीत होतो. ते खोटं नव्हतं. पण किल्ली ड्रॉवरमध्ये आहे हे कुणी कधी लिहिलं नव्हतं.

दुसरी चोरी पहिल्या आणि दुसऱ्या रकान्याच्या मध्ये सापडली. फोन वाजला ते घंटा दिली, यात कधी कधी दोन-दोन मिनिटं जायची. कारण पत्ता. आमच्या भागात फोन करणारा ओरडतो, "पाटील मळ्यात लागलीया, लवकर या!" आता पाटील मळा नसलेलं गाव सांगली जिल्ह्यात दाखवा. "मारुतीच्या देवळापशी" म्हटलं तरी तेच. माणूस घाबरलेला असतो, तो फोन ठेवून टाकतो, परत लावला तर एंगेज. त्यात मोबाईलवरनं १०१ लावला की तो कधी आमच्याकडं येतो, कधी शेजारच्या केंद्रात वाजतो. मग आम्ही फोनशेजारी एक पुठ्ठा लावला. पहिला प्रश्न गाव. दुसरा, रस्त्यावरनं आत वळायचं कुठं. तिसरा, काय जळतंय. आणि गावाचं नाव कळल्याबरोबर घंटा द्यायची, बाकीचं गाडी निघाल्यावर विचारायचं. आधी आम्ही सगळं विचारून मग घंटा देत होतो. ते 'नीट काम' वाटायचं. वाटेवरच्या गावांतल्या पोलीस पाटलांचे नंबरही तिथंच चिकटवले, कारण वळणावर बॅटरी घेऊन एक माणूस उभा राहिला तर शेवटची तीन मिनिटं वाचतात.

आता माझी एक गोष्ट सांगतो, जी वर कळवली नव्हती.

फेब्रुवारीत नदीपलीकडच्या एका गावात बेदाण्याच्या शेडला आग लागली. शेड म्हणजे काय, तर जाळीचे थर आणि वर हिरवं कापड. पेटलं की वाऱ्याबरोबर पळतं. आमचं गेट एक मिनिट चाळीस सेकंदात सुटलं. पुढं पुलावर ऊसाचे दोन डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर, त्यातल्या एकाचा टायर बसलेला. सायरन वाजवून काय करणार, त्याला उडून जाता येत नाही. आम्ही पोचलो तेव्हा ३१ मिनिटं झाली होती आणि विझवण्यासारखं फारसं राहिलं नव्हतं. शेतकरी काही बोलला नाही. त्याची आई मात्र म्हणाली, "या, बसा, च्या घ्या." ते शिव्यांपेक्षा वाईट होतं.

महिनाअखेरीला तक्ता भरायची वेळ आली. त्यात 'सरासरी प्रतिसाद वेळ' असा एकच रकाना होता आणि मीच आधीच्या महिन्यात ऐटीत लिहून दिलं होतं, दहा मिनिटांच्या आत. ही एक वर्दी धरली तर सरासरी त्यावर जात होती. वरच्या कार्यालयातून फोन आला, की एवढी एक 'हद्दीबाहेरील सहाय्य' म्हणून वेगळी काढा ना, तशीही हद्दीबाहेरच आहे. मी काढली. नऊ पॉईंट काहीतरी आलं. पुढं हिरवा रंग.

दोन दिवसांनी तोच शेतकरी विम्यासाठी आगीचा दाखला मागायला आला. दाखल्यात वर्दीची वेळ, पोचल्याची वेळ लिहावीच लागते. मी ३१ मिनिटांप्रमाणे खरी वेळ लिहिली, सही केली. जावक नोंदवायला कागद आप्पांच्या हातात गेला. त्यांनी दाखला वाचला, मग फाईलमधला मासिक तक्ता वाचला आणि दोन्ही माझ्यापुढं शेजारी शेजारी ठेवले. म्हणाले, "साहेब, वर पाठवलेल्या कागदात ती शेड जळलीच न्हाई, असं हाय व्हय?" दोन्हींवर सही माझीच होती.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडं गेलो. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी खुर्ची दाखवली आणि म्हणाल्या, "मग मी काय लिहू ते सांगा. मला वर आकडा द्यायचाच आहे."

मी कागदावर तीन वर्द्या लिहिल्या: ४ मिनिटं, ५ मिनिटं, २७ मिनिटं. सरासरी १२. "मॅडम, यातल्या एकाही माणसाकडं आपण बारा मिनिटांत गेलेलो नाही. दोघांकडं लवकर गेलो, एकाचं जळलं. बारा वाचून यातलं काहीच कळत नाही." त्या क्षणभर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "कर वसुलीतही हेच होतं. एक मोठा कारखाना भरतो आणि टक्केवारी सुधारते."

ठरलं ते असं. शहर आणि गावं वेगळी दाखवायची. आपल्याकडं साधारणपणे शहरात पाच ते सात मिनिटं आणि ग्रामीण भागात वीस मिनिटं हे माप धरतात, ते शेजारी लिहायचं, आपण त्यात बसत नसलो तरी. सरासरीऐवजी 'दहापैकी नऊ वर्द्यांना किती वेळात' हे द्यायचं. आणि उद्दिष्ट म्हणून बांधून घ्यायचं ते फक्त गेटचं: दहापैकी नऊ वेळा, फोन वाजल्यापासून दोन मिनिटांत गेट सुटेल, दिवसा आणि रात्री. पूल माझ्या हातात नाही, गेट आहे. पण पुलाचाही वेळ मोजायचाच, नाहीतर तो मागणीच्या पत्रात लिहायचा कशाच्या जोरावर?

आणि ते पत्र लिहिलंही. वर्षभराची वही नकाशावर मांडली तेव्हा नदीपलीकडच्या सहा-सात गावांत एकही वर्दी वीस मिनिटांत झालेली नव्हती. दुसरी गाडी मिळणार नाही हे मलाही माहीत होतं. पण त्या बाजूच्या साखर कारखान्याकडं स्वतःचा बंब आहे. आता पलीकडची वर्दी आली की घंटा देतानाच कारखान्याच्या गेटवर फोन जातो. त्यांचा बंब आमच्या आधी पोचतो. तक्त्यात याला जागा नाही, कारण 'आमची' गाडी अजूनही उशिराच पोचते.

सहावा रकाना आप्पांनी सुचवला: दुसरं पाणी. साडेचार हजार लिटर ऐकायला खूप वाटतं, पण एका नळीनं जोरात मारलं तर दहा मिनिटांत टाकी खडखडते. मग गाडी भरायला जाते आणि आग पुन्हा डोकं वर काढते. पहिलं पाणी ते दुसरं पाणी यातलं अंतर आम्ही कधी मोजलंच नव्हतं. मोजलं तर काही वेळा ते येण्याच्या वेळेपेक्षाही मोठं निघालं. त्यातून विहिरींची, शेततळ्यांची, पाणीपुरवठ्याच्या टाक्यांची यादी झाली: कुठं बंब काठापर्यंत जातो, कुठं जात नाही, कुणाची मोटर रात्री चालू करता येते. ही यादी आमच्या केंद्रातला सगळ्यात उपयोगी कागद आहे. वर कुणी कधी मागितलेला नाही.

इमारतींच्या तपासणीचं थोडक्यात सांगतो. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाप्रमाणे इमारतीतली यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे 'फॉर्म बी' म्हणतात, ते वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. तक्त्यात मी लिहिलं, इतके फॉर्म आले. मॅडमनी विचारलं, कितीपैकी? आणि मला उत्तर येईना. अंश होता, छेदच नव्हता. गावात दवाखाने किती, लॉज किती, मंगल कार्यालयं किती, कोल्ड स्टोरेज किती, याची एकत्र यादी कुठल्याच विभागाकडं नव्हती. कर विभागाच्या नोंदीवरनं आणि दोन पोरांना मोटरसायकलवर फिरवून ती केली. छेद मिळाल्याबरोबर आमची टक्केवारी धाडकन खाली आली. त्या महिन्याच्या बैठकीत मला उभं करून विचारण्यात आलं की कामात घसरण का झाली.

आता पाऊस. सांगलीकडच्या माणसाला २०१९ सांगावं लागत नाही. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ चाळीस फूट ही इशारा पातळी, पंचेचाळीस ही धोका पातळी, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली ती त्याच पुरात. तेव्हापासून दर मे महिन्यात सगळ्या कार्यालयांचे पूरतयारीचे तक्ते भरले जातात. बोटी: उपलब्ध. लाईफ जॅकेट: उपलब्ध, १०० टक्के. मीही तेच भरत आलो होतो.

त्या मेमध्ये आम्ही 'उपलब्ध' हा शब्दच बाद केला. प्रत्येक जॅकेट एका माणसाच्या अंगात घालून, बकल लावून, घाटावर पाण्यात उतरायचं. कुणाची पट्टी हातात आली, कुणाचं बकल उंदरानं खाल्लेलं, दोन जॅकेटं पाणी पिऊन जड झाली. शंभर टक्क्यांचे पासष्ट झाले. बोटीच्या इंजिनाला एकच कसोटी: दोरी तीन वेळा ओढायच्या आत चालू झालं पाहिजे. पहिल्या दिवशी तेविसाव्या ओढीला झालं, तेही घाटावरच्या एका मच्छीमारानं प्लग काढून पुसून दिल्यावर. मग बोट गोदामातनं काढून पाण्यात सोडेपर्यंतचा वेळ लावला. पहिल्यांदा बेचाळीस मिनिटं, कारण ट्रेलरच्या एका चाकात हवा नव्हती आणि गोदामाच्या दारात निवडणुकीच्या पेट्या रचलेल्या होत्या. जूनच्या मध्यापर्यंत अठरावर आलो. अजून कमी होईल असं वाटत होतं, पण झालं नाही. घाटाचा उतारच तसा आहे.

फुटलेल्या जॅकेटांची मागणी केली तेव्हा लेखा विभागानं विचारलं, मागच्या वर्षी तर शंभर टक्के उपलब्ध होती, एकदम कशी संपली? स्वतःच्याच जुन्या सहीशी भांडायला लागतं, ते असं.

एक गोष्ट मला शेवटपर्यंत जमली नाही. माणसाचं मोजमाप. कायम माणसांचे गोपनीय अहवाल दरवर्षी लिहितो. प्रतिवेदन अधिकारी मी, पुनर्विलोकन मॅडमचं. प्रतवारी, शेरा, झालं. पण आमच्याकडं धुरात सगळ्यात आधी शिरणारा जो पोरगा आहे, तो कंत्राटी. त्याचा गोपनीय अहवालच निघत नाही. कागदोपत्री तो एजन्सीनं पुरवलेला 'एक मनुष्यबळ' आहे. एकदा गॅस सिलिंडर पेटलेल्या घरातनं त्यानं ओल्या पोत्यात गुंडाळून टाकी बाहेर आणली. हे कुठं लिहायचं? वर्दी रजिस्टरच्या शेरा रकान्यात लिहिलं, नावासकट. आस्थापनेनं कळवलं, रजिस्टरमध्ये वैयक्तिक उल्लेख टाळावेत.

यंदा नवीन तक्ता आला. मॅडमची बदली झाली आहे, नवीन साहेब आले आहेत, माणूस चांगला आहे, घाईत असतो. या वेळी आमची ओळ कोरी नव्हती. उद्दिष्ट छापूनच आलं आहे: 'सरासरी प्रतिसाद वेळ: ८ मिनिटे.' सगळ्या केंद्रांना एकच.

मी वहीच्या वर्षभराच्या नोंदींची गोषवारा प्रत काढली, शहर वेगळं, गावं वेगळी, आणि सोबत एक पत्र जोडलं. पत्रात एवढंच विचारलंय की ही आठ मिनिटं फोन वाजल्यापासून धरायची, घंटेपासून, का गेटपासून, आणि कुठपर्यंत. पोच मिळाली आहे, सही-शिक्क्यानिशी. उत्तर यायचं आहे. काल रात्री दोन वाजून सतरा मिनिटांनी कुपवाड रस्त्याच्या बाजूला लाकडाच्या वखारीची वर्दी होती. गेट एक मिनिट पस्तीस सेकंदात सुटलं. पहिल्या पाण्याला सोळा मिनिटं लागली. दुसरं पाणी शेजारच्या विहिरीतनं, यादीतल्या. तिच्या मालकानं बनियनवरच येऊन मोटर चालू करून दिली. आप्पा मार्चअखेर निवृत्त होताहेत. परत आल्यावर त्यांनी चष्मा लावून वहीत सोळा लिहिलं आणि मग मला विचारलं, "साहेब, ही वही मी गेल्यावर कोन लिवणार?"